प्वेर्तो वायार्ता: आई-बाबांना घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जाताना

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, नायगारा झाला, ग्रँड कॅन्यन झालं, आता बाहेर बर्फ पडायला लागलाय, तर त्यांना घेऊन कुठे जावं? माझं उत्तर ठरलेलं आहे: प्वेर्तो वायार्ता.

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, हालिस्को राज्यात, बांदेरास नावाच्या मोठ्या उपसागराच्या कुशीत हे शहर आहे. मागे सिएरा माद्रेचे हिरवे डोंगर पार समुद्रापर्यंत उतरलेले, उतारावर लाल कौलांची पांढरी घरं, मधून क्वाले नदी समुद्राला मिळणारी, आणि सूर्य पाण्यात मावळणारा. माझे बाबा दापोलीकडचे. पहिल्या संध्याकाळी समुद्रासमोर उभं राहून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, वारासुद्धा आपल्याकडचाच आहे." या गावावर माझा जीव जडला तो त्या वाक्यापासून.

आधी उच्चार. स्पॅनिशमध्ये दोन 'एल' जोडून आले की मेक्सिकोत त्याचा 'य' होतो, म्हणून 'वायार्ता'. 'त' आणि 'द' अगदी आपल्यासारखे, दातांना जीभ लावून. मराठी जिभेला ही भाषा इंग्रजीपेक्षा सोपी जाते, तेव्हा चार वाक्यं पाठ करून जाच.

लेखात पुढे जे काही सांगणार आहे ते एका गोष्टीभोवती आहे. इथे येणारे बरेच जण मोठ्या रिसॉर्टच्या फाटकातून आत जातात, मनगटावर पट्टा बांधून घेतात आणि पाच दिवसांनी त्याच फाटकातून विमानतळावर परततात. तुम्ही तसं करू नका. वायार्ता हे लोकांचं राहतं गाव आहे. १८५१ मध्ये 'लास पेन्यास' नावाची छोटी वस्ती म्हणून ते वसलं, १९१८ मध्ये हालिस्कोचे गव्हर्नर राहिलेले इग्नासिओ वायार्ता यांचं नाव त्याला मिळालं, आणि १९६३ साली दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी जवळच्या मिस्मालोयाच्या किनाऱ्यावर हॉलिवूडचा चित्रपट चित्रित केला तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्याआधीचं मासेमारीचं, देवळाचं, बाजाराचं गाव आजही पायी फिरता येतं. ते बघायला जायचं.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. दिवसा साधारण २७-२८ अंश, पहाटे १७-१८, पाऊस जवळजवळ नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा: डोंगर डोळे निवतील इतके हिरवे असतात आणि हॉटेलं स्वस्त मिळतात, पण हवा मे महिन्यातल्या कोकणासारखी चिकट, डासही भरपूर, आणि डासांबरोबर डेंग्यूची भीती. शिवाय पूर्व पॅसिफिकचा चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा असतो. २०१५ चं 'पॅट्रिशिया' आणि २०२३ चं 'लिडिया' ही दोन्ही मोठी वादळं ऑक्टोबरातच, शहराच्या दक्षिणेला हालिस्कोच्या किनाऱ्यावर धडकली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये 'नोरा'च्या पावसाने क्वाले नदी पात्राबाहेर आली. आई-बाबा सोबत असतील तर स्वस्ताईसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर निवडू नका.

हंगामातही दोन आठवडे टाळण्यासारखे आहेत. ईस्टरच्या आधीचा 'सेमाना सान्ता' आणि त्याच्या पाठोपाठचा. तेव्हा मेक्सिकोतल्या शाळांना सुट्टी असते, ग्वादालाहारा शहरातली कुटुंबंच्या कुटुंबं किनाऱ्यावर उतरतात आणि खोल्यांचे भाव चढतात.

याउलट मुद्दाम गाठावे असे दिवस म्हणजे १ ते १२ डिसेंबर. ग्वादालुपेच्या मातेच्या, म्हणजे मेक्सिकोच्या लाडक्या मेरीमातेच्या उत्सवाचे हे बारा दिवस. रोज संध्याकाळी गावातल्या पेढ्यांची, हॉटेलांची, वस्त्यांची मंडळी मिरवणुकीने तिच्या चर्चकडे जातात. पुढे ढोल, पिसांचे मुकुट घातलेले नर्तक, सजवलेल्या गाडीवर देवीच्या वेशातली मुलगी, मागे मेणबत्त्या घेतलेल्या बायका. रस्त्याच्या कडेला खाण्याच्या गाड्या. आईने वारीत करतात तसा नमस्कार केला, आणि शेजारच्या आजीबाईंनी तिच्या हातात एक मेणबत्ती दिली.

कागदपत्रं: इथे घाई नको

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला जायला व्हिसा लागतो. पण तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू मुदतीचा व्हिसा असेल, किंवा तिथला कायम निवासाचा परवाना असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. म्हणजे अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर आलेले आई-बाबा आणि ग्रीन कार्डवर राहणारे तुम्ही, दोघांचंही काम होतं.

गोची होते ती एच-१बीवाल्यांची, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांची. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला, मुदतवाढीचा कागद मात्र हातात, अशी स्थिती पुष्कळांची असते. मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत राहून, वैध आय-९४ वर (अमेरिकेतल्या मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीवर) अमेरिकेत परत येण्याची सवलत आहे, हे खरं. पण ती सवलत अमेरिकेची. मेक्सिकोच्या अधिकाऱ्याला चालू मुदतीचा व्हिसा दिसायला हवा. संपलेला शिक्का आणि मुदतवाढीचा कागद दाखवून आत सोडतील, अशी आशा धरून विमानात बसू नका. अशा वेळी जवळच्या मेक्सिकन वकिलातीत व्हिसा आधीच काढावा, आणि परतीच्या नियमाबद्दल आपल्या वकिलाला एकदा विचारावं. आमच्या एका मित्राला विमान कंपनीने अमेरिकेतल्या खिडकीवरूनच परत पाठवलं होतं. बायको-मुलं रांगेत उभी होती.

आई-बाबांबाबत आणखी एक सांगते. मेक्सिकोला जाऊन आलं की अमेरिकेतला सहा महिन्यांचा मुक्काम नव्याने सुरू होतो, असा समज आपल्याकडे पसरलेला आहे. तो धरून चालू नका. परतल्यावर किती दिवस द्यायचे हे अधिकारी ठरवतो. मेक्सिकोतही तसंच: जास्तीत जास्त १८० दिवस मिळू शकतात, पण अधिकारी लिहील तेवढेच आपले. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण छापून हातात ठेवा. मोबाइल दाखवण्यापेक्षा कागद पुढे केला की काम लवकर होतं.

भारतातून थेट निघणार असाल तर युरोपमार्गे मेक्सिको सिटी आणि तिथून देशांतर्गत विमानाने साधारण दीड तास, हा एक मार्ग. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलासुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो.

आणि आई-बाबांचा विमा. अमेरिकेपुरता काढलेला पाहुण्यांचा विमा मेक्सिकोत चालतोच असं नाही. कागद वाचून घ्या, गरज पडली तर पाच दिवसांचा वेगळा काढा.

उतरायचं कुठे

उत्तरेकडून दक्षिणेकडे येऊ. विमानतळाजवळ मरीना: सपाट रस्ते, शांतता, गुडघे दुखणाऱ्यांसाठी उत्तम, पण गावापासून लांब. त्यानंतर मोठ्या हॉटेलांचा पट्टा. पुढे 'सिंको दे दिसिएम्ब्रे' ही वस्ती आणि मूळ गाव, म्हणजे सेंत्रो. नदी ओलांडली की 'सोना रोमांतिका', जिचं खरं नाव एमिलियानो सापाता: खाणावळी, दुकानं, लोस मुएर्तोसचा किनारा, रात्री उशिरापर्यंत संगीत. समलिंगी पर्यटकांचीही ही आवडती जागा आहे, आणि गावाने त्यांना मनापासून आपलं म्हटलेलं आहे. त्याही दक्षिणेला कोन्चास चिनास, डोंगरउतारावरची महागडी घरं.

माझा सल्ला: सिंको दे दिसिएम्ब्रेमध्ये, समुद्रापासून दोन गल्ल्यांच्या आत घर घ्या. तिथे अजून सकाळी तोर्तियाची, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीची, गिरणी सुरू होते, शाळेत जाणारी पोरं दिसतात, भाजीवाल्याकडे आपला पेरू आणि चिकू मिळतो. (चिकू मूळचा याच देशाचा, नावसुद्धा तिकडूनच आलेलं.) मात्र घर ठरवताना एक प्रश्न विचाराच: दारापर्यंत किती पायऱ्या? वायार्ताचे रस्ते गोट्यांचे आहेत आणि समुद्रापासून चौथी गल्ली म्हणजे कित्येकदा सरळ चढ. फोटोत सुंदर दिसणारी गच्ची ८० पायऱ्यांवर असू शकते. पहिल्या खेपेला आम्ही हे विचारलं नव्हतं आणि आईला दिवसातून एकदाच खाली उतरता आलं.

सीमेपलीकडच्या नायारित राज्यातली नुएवो वायार्ता (आता अधिकृत नाव नुएवो नायारित), बुसेरियास, सायुलिता ही गावं प्रसिद्ध आहेत. सायुलिता लाटांवर स्वार होणाऱ्यांचं. पण पाच दिवसांच्या सहलीत तिकडे मुक्काम हलवू नका.

विमानतळाबाहेर पडताना

सामान घेऊन तपासणी ओलांडली की काचेच्या दारांपलीकडे एक दालन लागतं. तिथे गणवेशातली, गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं "टॅक्सी? टॅक्सी?" म्हणत समोर येतात. ही टॅक्सीवाली नव्हेत. हे सुट्टीघरांचे वाटे, म्हणजे 'टाइमशेअर', विकणारे आहेत. ते फुकट टॅक्सी, फुकट नाश्ता, देवमाशांच्या सहलीचं फुकट तिकीट देऊ करतात आणि त्याबदल्यात ९० मिनिटांचं सादरीकरण ऐकायला सांगतात. ती ९० मिनिटं अर्ध्या दिवसाची होतात. आई-बाबांना विमानातच सांगून ठेवा: कुणाशी न बोलता, न थांबता, सरळ बाहेर. आपल्या घरात माणूस बोलला की थांबून उत्तर द्यायची सवय असते, तिथेच फसतं. चुकून कधी करारावर सही झालीच, तर मेक्सिकोच्या कायद्याप्रमाणे पाच कामकाजाच्या दिवसांत तो रद्द करता येतो. लेखी रद्द करा आणि पोच घ्या.

बाहेर आल्यावर दोन वाटा. विमानतळाची अधिकृत टॅक्सी: खिडकीवर भाग सांगायचा, ठरलेले पैसे भरायचे, पावती घ्यायची. नाहीतर डावीकडे चालत जाऊन महामार्गावरचा पादचारी पूल ओलांडायचा. पलीकडे उबर आणि शहरी टॅक्सी बऱ्याच स्वस्त पडतात. आई-बाबा आणि चार बॅगा असतील तर अधिकृत टॅक्सीच घ्या, पुलावर बॅगा चढवण्यात कसला फायदा नाही.

गावात फिरायला बस. काचेवर पांढऱ्या रंगाने मुक्काम लिहिलेले असतात: 'सेंत्रो', 'ओलास आल्तास', 'आएरोपुएर्तो'. सुटे पेसो चालकाच्या हातात द्यायचे, तिकिटाचा कपटा जपून ठेवायचा, उतरताना "बाहान!" म्हणून जरा मोठ्याने सांगायचं. एकदा तर गिटार घेतलेला एक म्हातारा चढला, तीन थांबे गायला, टोपी फिरवली आणि उतरला. बाबांनी त्याला वाकून नमस्कार केला.

पहिली संध्याकाळ: मालेकोन

पहिल्या दिवशी काही ठरवू नका. सामान टाका आणि पाच वाजता मालेकोनवर या. समुद्राकाठचा हा सुमारे एक किलोमीटरचा फरसबंदी रस्ता, गाड्यांना बंदी, म्हणून ज्येष्ठांना निवांत चालता येतं. वाटेत ब्राँझची शिल्पं आहेत. राफाएल सामारिपा यांचा समुद्रघोड्यावर बसलेला मुलगा ही गावाची खूण. सेर्हिओ बुस्तामान्ते यांची शिडी, तिच्यावर चढणाऱ्या उशीच्या डोक्याच्या आकृत्या आणि खाली हात पसरून उभी असलेली आई, याच्यापाशी आमची आई बसूनच राहिली. थोडं पुढे उंच खांबावरून पायाला दोर बांधून उलटे गरगरत खाली येणारे पापान्त्लाचे 'वोलादोरेस'. खेळ संपला की टोपीत पैसे टाका, त्यावरच त्यांचं पोट आहे.

आणि इथेच तो तुबावाला शोधा. कमरेला किंवा खांद्यावर मोठा भोपळा लावून उभा असतो. भोपळ्याचं बूच काढतो, पेल्यात गढूळसर पांढरं पेय ओततो, वर सफरचंदाचे बारीक तुकडे आणि शेंगदाणे किंवा अक्रोडासारखी पेकान टाकतो. बाबांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, ही तर माडी!" अगदी तीच. नारळाच्या न उमललेल्या पोयीला छेद देऊन गोळा केलेला रस, ताजा असेल तर नीरेसारखा गोड, दुपार टळली की आंबूस. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं चालत होती. त्यांवरून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी माडावर चढण्याची ही विद्या शेजारच्या कोलिमा राज्याच्या किनाऱ्यावर आणली आणि 'तुबा' हा शब्दही. दोन महासागरांच्या काठी एकच हात, एकच कोयता.

सूर्यास्त लोस आर्कोसच्या कमानींपाशी बघा. मग मागे वळून ग्वादालुपेच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा मुकुट.

खाणं, आणि शाकाहारी माणसाचं काय

मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ आहे. 'पेस्कादो सारान्देआदो', म्हणजे अख्खा मासा मधून उघडून, लाल मिरचीचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजलेला. किनाऱ्यावर काडीला खोचून भाजलेला मासा. लिंबाच्या रसात मुरवलेलं सेविचे. त्याहून झणझणीत आग्वाचिले. सकाळी गाडीवरचे टाको खा, जिथे गावचे लोक उभे असतील तिथे.

शाकाहाराचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. "सोय वेहेतारियाना" एवढं म्हणून भागत नाही, कारण 'कार्ने' म्हणजे बऱ्याच जणांच्या मनात फक्त गोमांस-डुक्कर. कोंबडी आणि मासा त्यात येत नाही. म्हणून पूर्ण वाक्य म्हणा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी मारिस्कोस." मांस, कोंबडी, मासा, कोळंबी-शिंपले काही खात नाही. अंडं नको असेल तर "नी उएवो" जोडा.

त्यानंतरचे तीन धोके. एक, घोटलेल्या राजम्याची उसळ: ती बहुधा 'मान्तेका'त, म्हणजे डुकराच्या चरबीत परतलेली असते. विचारा, "तिएने मान्तेका?" दोन, लाल भात: पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, 'काल्दो दे पोयो'. तीन, तामालेस, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे उंडे: आत भाजी असली तरी पिठात बहुधा चरबी असते. मैद्याच्या तोर्तियातही चरबी असू शकते, मक्याची घ्या.

मग राहतं काय? पुष्कळ. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडलेली तोर्तिया. निवडुंगाची भाजी, नोपालेस: भेंडीसारखी थोडी बुळबुळीत, आंबटसर, आईला फार आवडली. भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या आणि चीज घातलेले 'राहास'. ग्वाकामोले, म्हणजे अव्होकाडोची चटणी. मक्याचे दाणे पेल्यात, लिंबू-मिरची-चीज घालून, 'एस्किते'; मेयोनेज नको असेल तर "सिन मायोनेसा". कापलेली पपई, काकडी, हिकामा नावाचा करकरीत कंद, वर लिंबू आणि तिखट-मीठ, अगदी शाळेबाहेरच्या गाडीसारखं. प्यायला 'आग्वा दे हामाइका', म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत, किंवा चिंचेचं.

एकदा तरी हाताने तोर्तिया करणाऱ्या बाईंसमोर उभे राहा. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, दळून केलेलं हे पीठ. बाई गोळा घेते, दोन तळव्यांत थापटत फिरवते, मातीच्या किंवा लोखंडी 'कोमाल'वर टाकते, कडा सुटल्या की बोटांनी उलटते, आणि दुसऱ्यांदा उलटल्यावर ती टम्म फुगते. आई पदर खोचून पुढे झाली. बाईंनी गोळा दिला. आईची पहिली तोर्तिया ज्वारीच्या भाकरीएवढी झाली आणि त्या बाई इतक्या मनमोकळ्या हसल्या की पुढची दहा मिनिटं दोघी एकमेकींची भाषा न कळता बोलत होत्या.

नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही बाटलीचं वापरा. उपाहारगृहातला बर्फ सहसा शुद्ध पाण्याचा, विकत आणलेला असतो. मीठ-साखरेची पाकिटं बरोबर ठेवा. औषधांच्या दुकानांना लागूनच बऱ्याचदा डॉक्टर बसतो आणि थोडक्या पैशांत तपासतो. बिल मागितल्याशिवाय येत नाही, तसं आणणं उद्धटपणाचं मानतात: "ला कुएन्ता, पोर फावोर." १० ते १५ टक्के बक्षिशी ठेवा.

येलापाचा दिवस

सहलीतला एक अख्खा दिवस याच्यासाठी राखून ठेवा. उपसागराच्या दक्षिण काठावर डोंगर इतके सरळ पाण्यात उतरतात की येलापा, किमिहितो, लास आनिमास या गावांना बहुतेक माणसं होडीनेच जातात. होडी म्हणजे 'पांगा': फायबरची, लांब, मागे इंजिन.

सकाळी लवकर निघा. सोना रोमांतिकात बासिलिओ बादियो आणि कोन्स्तितुसिओन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर बोका दे तोमात्लानची बस मिळते. उजव्या हाताच्या खिडकीत बसा, समुद्र त्या बाजूला. वाटेत मिस्मालोयाच्या पाण्यातले दगडी कमानींचे सुळके दिसतात. बोका म्हणजे नदीच्या मुखावरचं कोळ्यांचं गाव. तिथल्या किनाऱ्यावरून पांगा सुटतात. लोस मुएर्तोसच्या धक्क्यावरूनही थेट होडी आहे, साधारण पाऊण तासाची, पण ज्यांना बोट लागते त्यांनी बोकाहून जावं, अंतर कमी.

होडीत मागच्या बाकावर बसा. पुढचं टोक लाटेवर आपटतं आणि वयस्कर पाठीला ते सोसत नाही. लाइफ जॅकेट मागून घ्या. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागू शकतो, म्हणून पट्ट्याच्या चपला. आणि चढण्याआधीच विचारा, शेवटची होडी किती वाजता? नुसतं ऐकून सोडू नका, बोटांनी किंवा घड्याळावर दाखवून पक्कं करा. दुपारनंतर वारा उठतो, समुद्र खवळतो. त्यामुळे शेवटच्या होडीसाठी थांबूच नका, तिच्या आधीची धरा.

येलापाच्या किनाऱ्यावर डोक्यावर किंवा हातावर डबा घेऊन फिरणाऱ्या बायकांकडून लिंबाच्या, नारळाच्या पायचा तुकडा घ्या. गावातून दगडी पायवाटेने चढत गेलं की धबधबा. बाबा तिथवर आले नाहीत. ते किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करणाऱ्या एका कोळ्याशेजारी बसले होते. परत आलो तेव्हा त्यांच्या हातातही सुई होती.

पाय धड असलेल्यांना आणखी एक: बोकाहून लास आनिमासपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जंगलातली पायवाट आहे, दोन-अडीच तासांची, वाटेत कोलोमितोसची इवली पुळण. सकाळी आठच्या आत निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, परत होडीने या.

देवमासे आणि कासवं

८ डिसेंबर ते २३ मार्च हा देवमासे बघण्याचा ठरवून दिलेला हंगाम. हंपबॅक जातीचे देवमासे उत्तरेच्या गार समुद्रातून या उबदार पाण्यात वीण घालायला येतात. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात खात्रीचे. होडी लहान निवडा, परवान्याचा झेंडा लावलेली, शक्य तर जीवशास्त्रज्ञ बरोबर असलेली. "अगदी जवळ नेतो" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका; आई आणि पिल्लू बरोबर असताना होडी अंगावर नेणं हा गुन्हाच म्हणायचा. सकाळची वेळ घ्या.

कासवांचं आमच्या घरी विशेष. इथे अंडी घालणारं कासव मुख्यत्वे ऑलिव्ह रिडले, तिथल्या भाषेत 'गोल्फिना', म्हणजे आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर येतं तेच. वेळासला पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर समुद्रात जातात. इथे माद्या जुलै ते डिसेंबर येतात आणि पिल्लं संध्याकाळी सोडतात. विमानतळाच्या उत्तरेला बोका दे तोमातेस इथे संवर्धन केंद्र आहे, काही हॉटेलंही आपापल्या किनाऱ्यावर पिल्लं सोडतात. हाताला सनस्क्रीन किंवा डासांचं मलम असेल तर पिल्लाला हात लावू नका, आणि मोबाइलचा प्रकाश अजिबात नको.

पाण्यात उतरताना आणि रात्री फिरताना

किनाऱ्यावर झेंडे असतात. हिरवा ठीक, पिवळा जपून, लाल धोका, काळा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. लोस मुएर्तोसला लाट काठाशीच जोरात फुटते आणि पाय ओढते. ज्येष्ठांना कोन्चास चिनासच्या खडकांमधली उथळ डबकी बरी. आमेका नदीच्या मुखाशी आणि मरीनाच्या खाडीत मगरी आहेत. पाट्या लावलेल्या आहेत, त्या खऱ्या आहेत. अंधारात त्या पुळणीवर चालू नका.

मेक्सिकोतले सगळे किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. कुठल्याही हॉटेलासमोर तुम्ही चटई पसरू शकता. खुर्ची-छत्री हवी तर ठरावीक रकमेचं खाणं मागवावं लागतं. बसण्याआधी रक्कम विचारा.

हालिस्को राज्यात अमली पदार्थांच्या टोळ्या आहेत आणि त्यांचा हिंसाचार होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. निघण्याच्या आठवड्यात अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना वाचा, काही घडलं असेल तर तारीख पुढे ढकला. तिथे असताना रात्री महामार्गावर गाडीने जाऊ नका, अमली पदार्थांच्या जवळपास फिरकू नका. मदतीचा क्रमांक ९११.

पैसे बँकेच्या आतल्या एटीएममधून काढा. यंत्र "रूपांतर करू का?" असं विचारतं, तिथे नकार द्या, "सिन कोन्वेर्सिओन", नाहीतर यंत्राचा महाग भाव माथी बसतो. डॉलर चालतात, पण दर आपल्या तोट्याचा असतो.

काय आणायचं

क्वाले नदीकाठच्या बाजारात, आणि मालेकोनच्या आसपासच्या दालनांत, विशारिका लोकांचं मणिकाम मिळतं. हे सिएरा माद्रेत राहणारे आदिवासी, बाहेरचे लोक त्यांना हुइचोल म्हणतात. लाकडाच्या आकृतीवर मेणाचा पातळ थर देऊन त्यात एकेक बारीक मणी सुईच्या टोकाने दाबून बसवतात: हरीण, मका, सूर्य. हातात घेऊन तिरप्या उजेडात बघा. मण्यांच्या रांगा किंचित वाकड्या असतात, कडेला मेण दिसतं, ते खरं. शक्य तर करणाऱ्याकडूनच घ्या, आणि तिथे घासाघीस करू नका; तळहाताएवढ्या कवटीला दिवसच्या दिवस लागतात.

परतीच्या दिवशी विमानाच्या तीन तास आधी पोचा, हंगामात रांगा फार लांब असतात. ताजे आंबे, पेरू, चिकू कितीही आवडले तरी पिशवीत घालू नका. अमेरिकेच्या सीमेवर ते काढून घेतात, आणि न सांगितलेलं सापडलं तर दंड. चिंचेच्या तिखट गोळ्या, व्हॅनिलाच्या शेंगा, वाळवलेली हामाइका चालते, पण फॉर्मवर किंवा तोंडी सांगून. आईने अर्धा किलो हामाइका आणली होती. तिची चटणी तिने अंबाडीसारखीच केली, लसणीची फोडणी देऊन.